१२७पैकी

चहात साखर किती, असं विचारलं की आमचा एक मित्र "चाळीस" म्हणतो आणि वहिनी निमूटपणे सव्वा चमचा घालतात. चाळीस म्हणजे १२७पैकी चाळीस. हा हिशेब त्या घरात आता मुरलाय. पंखा नव्वदवर, टीव्ही पन्नासच्या खाली, गुडघा आज शंभरने दुखतोय. मुलाला गणितात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले तेव्हा वहिनी पेढे आणायला निघाल्या होत्या. याने मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं आणि म्हणाला, "एकशे सतरा. दहा कमी पडले."

असल्या माणसांची जात तशी जुनी आहे. पूर्वी ती रेडिओ उघडून बसायची. पुढे तिने लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणून घरी कॉम्प्युटर जोडले. हल्ली ती डीजे कंट्रोलर घेते. डीजे व्हायचं म्हणून घेते असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. आमच्या या मित्राला वरातीत नाचता येत नाही. आवडता गायक विचारला तर तो अर्धा मिनिट विचार करतो आणि "सगळेच बरे गातात की" म्हणतो. त्याला गाणं वाजवायचं नसतंच. त्याला बटण दाबायचं असतं, आणि दाबलेलं तिकडे पोचलं की नाही हे बघायचं असतं.

कंट्रोलर घरी आला त्या संध्याकाळी सोसायटीत खळबळ उडाली. पुण्यात डीजे म्हटलं की माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत येते. वॉचमनने खोक्यावरची दोन अक्षरं वाचली आणि पुढचं काम व्हॉट्सअ‍ॅपने केलं. साडेआठला अध्यक्षकाका मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप उघडून दारात उभे. "२०००च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस," त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधीच बजावलं.

टेबलावर जेवायला बसायच्या पाटाएवढी एक काळी वस्तू होती. दोन गोल चकत्या, सोळा रबरी पॅड, मधोमध गोल नॉब आणि सरकत्या पट्ट्या. काकांनी मोबाइल जवळ धरला. "लावा."

याने नॉब फिरवला, पट्टी वर केली, चकती गरगरवली. अ‍ॅपचा काटा जागचा हलला नाही. पॅड दाबल्याचा टप टप एवढाच काय तो आवाज.

"आवाज कुठंय?"

"यात आवाज नसतोच, काका. आवाज लॅपटॉपमध्ये. मागे साउंड कार्ड आहे, पण ते वेगळं खातं. ही बटणं नुसता निरोप देतात. मिडी."

"मिडी?" काकांबरोबर आलेल्या तळमजल्यावरच्या आजींनी मान डोलावली. "आमची लेक कॉलेजात असताना घालायची. गुडघ्याच्या खाली येते ती."

काकांनी अ‍ॅप बंद केलं, पण समाधान काही झालं नाही. पैसे मोजून आणलेल्या डीजेमधून आवाज येत नाही ही गोष्ट त्यांना आवाज येण्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटली.

त्याचं खरं आयुष्य रात्री अकरानंतर सुरू होतं. 'मिक्स' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, शेवटी तीन एक्स असलेलं. कुठल्या बटणाने काय व्हावं याची फाइल त्यात आपली आपण लिहिता येते. तयार फायली मिळतात, सॉफ्टवेअरच हाताला धरून शिकवतं अशीही सोय आहे. पडद्यावरच्या बटणावर क्लिक करायचं, हातातलं बटण दाबायचं, झाली जोडणी. त्याला ती सोय अपमानास्पद वाटते. तो फाइल हाताने लिहितो आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला त्या दिवसाचं नाव देतो. त्यामुळे त्याच्या लॅपटॉपवर 'आषाढी', 'नारळी पौर्णिमा', 'संकष्टी' आणि 'संकष्टी-दुरुस्त' अशा फायली नांदतात.

एका रात्री त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि प्लेचं बटण हलक्या बोटाने दाबलं. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली.

"१४४, ११, १२७," त्याने वाचली. "१४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर बटण दाबलं. ११ म्हणजे कुठलं. १२७ म्हणजे किती जोरात."

"पण तू तर हळूच दाबलंस."

"बटणाला जोर कळत नाही. दाबलं की १२७, सोडलं की शून्य. मधलं काही नाही." हे सांगताना त्याच्या आवाजात किंचित खंत होती. ती लपवायला त्याने चकतीवर बोट ठेवलं आणि केसभर पुढे ढकलली. १७६, ३४, ६५. केसभर मागे. १७६, ३४, ६३. "बघ, चकती कधीच सांगत नाही मी कुठे आहे. फक्त सांगते एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. चौसष्ट म्हणजे जागच्या जागी. कुठे आहोत हे लक्षात ठेवणं सॉफ्टवेअरचं काम."

मग त्याने मला प्लेच्या बटणाखालचा हिरवा दिवा दाखवला. हा दिवा बटण दाबल्याने लागतो असं मी आजवर समजत होतो. तो म्हणाला, मुळीच नाही. बटण फक्त विनंती पाठवतं. गाणं खरंच सुरू झालं तर सॉफ्टवेअर उलट टपाली निरोप धाडतं आणि तेव्हा दिवा लागतो. हे पटवायला त्याने फाइलमधली परतीची ओळ पुसली. बटण दाबलं, गाणं सुरू झालं, दिवा काळाच. "ऐकलंय, पण ऐकलं म्हणून कळवत नाही," तो म्हणाला आणि आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. "घरात पण असंच असतं. दिवा लागला नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबायचं नाही. गाणं बंद पडतं."

जे गाणं सुरू झालं त्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्या घरात दुसरं गाणं वाजत नाही. चाचणीसाठी त्याने एक गाणं ठरवलंय. ते सुरू होतं, तीसेक सेकंदांत काहीतरी चुकतं, तो थांबवतो, दुरुस्ती करतो, पुन्हा पहिल्यापासून. त्या गाण्याला अंतरा आहे की नाही हे त्या घरात कुणालाच माहीत नाही. मुलगा झोपेत सुरुवातीचा ठेका वाजवतो आणि नेमका तिथेच थांबतो.

बटणं जोडायचं हे मॅपिंग संपलं की असल्या माणसाच्या जिवाची तगमग होते. म्हणून तो ते संपू देत नाही. गाण्याची सगळी बटणं जोडून झाली तेव्हा त्याने फोटो धरले. लाइटरूमला मिडी जोडून देणारं 'मिडी-टू-एलआर' नावाचं एक प्लगइन मिळतं. आता राजगडावरच्या फोटोतलं आकाश तो डाव्या चकतीने निळं करतो आणि उजव्या चकतीने सासूबाई उजळतो. घरून काम चालू होतं तेव्हा क्रॉसफेडरला त्याने माइक जोडला होता. पट्टी डावीकडे, आवाज बंद, उजवीकडे, चालू. मधोमध ६४वर राहिली की आपण साहेबांना ऐकू जातोय की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या हद्दीत जायचा. त्या काळात त्याने साहेबांबद्दलची बरीच मतं ६४वर मांडली. पगारवाढ मात्र वेळेवर झाली, त्यावरून साहेबांच्या बाजूला ६४चा अर्थ 'बंद' असा असावा.

संसारातली त्याची बरीचशी समजूतही याच डब्यातून आलेली आहे. पडद्यावरचा व्हॉल्यूम नव्वदला आणि हातातली पट्टी दहावर असेल, तर पट्टीला नुसतं बोट लागलं तरी आवाज नव्वदवरून धाडकन दहावर कोसळतो. त्यावर उपाय असा, की पट्टी सरकत सरकत नव्वदपाशी येईपर्यंत सॉफ्टवेअरने तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. वहिनींशी वाजलं की तो हेच करतो. आधी त्या किती नंबरवर आहेत याचा अंदाज घेतो, मग स्वतः हळूहळू तिथपर्यंत वर जातो, आणि दोघं एका पातळीवर भांडायला लागले की पकड मिळते. मग दोघं मिळून खाली येतात. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला त्यांचं भांडण पेटलंय असं वाटतं तेव्हा ते मिटायला लागलेलं असतं.

२०२२च्या जूनमध्ये एका सकाळी तो पांढरा झब्बा घालून जिन्यात उभा दिसला. कामावर गेला नव्हता.

"काय झालं?" अध्यक्षकाकांनी विचारलं.

"स्मिथ गेले."

"अरेरे. ऑफिसातले?"

"नाही, कॅलिफोर्नियाचे. बहात्तर वर्षांचे होते."

"जवळचे होते?"

"रोजचा संबंध होता."

काकांनी हात जोडले. वर जाऊन काकूंनाही सांगितलं आणि दुपारी त्यांच्याकडून पिठलं-भाताचा डबा आला. डेव्ह स्मिथ म्हणजे सिक्वेन्शियल सर्किट्सचे. रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि हे, दोघं एकमेकांचे स्पर्धक. तरी दोघांनी आपापली वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून खटपट केली, आणि त्यातून मिडी आलं. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात एकाचा प्रॉफेट-६०० आणि दुसऱ्याचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले आणि एका कंपनीची पट्टी दाबली की दुसऱ्या कंपनीचं वाद्य वाजलं. पुढे २०१३ साली दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७मध्येच गेले होते. ही सगळी हकिकत त्याने पिठलं-भात खाता खाता काकांना ऐकवली. काकांना त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की दोन स्पर्धकांनी एकत्र बसून काहीतरी ठरवलं. आमच्या ए आणि बी विंगच्या पाण्याच्या वादात ते अजून हा दाखला देतात, फक्त स्मिथांना 'श्री. स्मिथ, कॅलिफोर्निया विंग' म्हणतात.

सोसायटीला त्याने दिलेली खरी देणगी मात्र १२३. मिडीत सूर सुरू करायचा निरोप वेगळा आणि थांबवायचा वेगळा. थांबवायचा निरोप वाटेत हरवला तर सूर वाजतच राहतो. अशा वेळी १२३ नंबरचा कंट्रोल पाठवतात; त्याचा अर्थ, असतील नसतील ते सगळे सूर बंद. वार्षिक सभेत सी विंगचे एक गृहस्थ गळतीवर बोलायला उभे राहिले आणि पंचवीस मिनिटं झाली तरी गळत होते, तेव्हा मागच्या रांगेतून हा पुटपुटला, "एकशे तेवीस." शेजारच्याने अर्थ विचारला. त्याने दुसऱ्याला सांगितला. आता आमच्याकडे सभेत कुणी लांबलं की तीन-चार तोंडांतून हा आकडा येतो. बाहेरच्या एका ऑडिटरला तो फ्लॅट नंबर वाटला आणि त्याने थकबाकीच्या यादीत शोधला.

गेल्या गणपतीत पाचव्या दिवसाचा कार्यक्रम याच्याकडे आला. आरतीचं रेकॉर्डिंग, मुलांचे नाच आणि शेवटी सहलीचे फोटो पडद्यावर. यातलं शेवटचं काम त्याने सगळ्यात आधी केलं. लाइटरूममध्ये फोटो लावून, प्लगइन चालू ठेवून तो तयार होता. जोडीला एका बँजो पार्टीतला ऑक्टोपॅडवाला पोरगा बोलावला होता. विशीतला, केसांना एका बाजूने सोनेरी रंग. त्याने स्टँड उघडला, पॅड ठेवलं, वायर लावली आणि दोन मिनिटांत मोबाइल बघत बसला. आमचा मित्र दुपारी चारपासून तार ओढत होता.

आरती सुरू झाली. सगळे तबकं घेऊन उभे. पहिली ओळ अर्ध्यात आली आणि कुणाच्या तरी नातवाने 'किती छान रबर' म्हणत टेबलावरच्या पॅडवर बोट दाबलं. पॅड नेमके लूपच्या मोडमध्ये होते. आरतीचा एक ठोका पकडला गेला आणि तेवढाच तुकडा परत परत यायला लागला. पहिल्या पाच-सात वेळा लोकांनी टाळ्या चालू ठेवल्या. तळमजल्यावरच्या आजींनी तर डोळे मिटले. त्यांना वाटलं हल्ली अशीच म्हणतात.

"अहो, बंद करा!" काका ओरडले.

दुसऱ्या कुणीही बंद केलं असतं. हा लॅपटॉपपुढे वाकला आणि त्याने ती काळी खिडकी उघडली. "थांबा काका, निरोप आलाय. सोडल्याचाही आलाय. म्हणजे लूप टॉगलवर आहे…" त्याचा चेहरा उजळला होता. तुकडा वाजत होता, तबकातली निरांजनं वाऱ्याने फडफडत होती आणि हा माणूस आकडे वाचत होता.

ऑक्टोपॅडवाल्या पोराने हात लांब करून साउंडवाल्याच्या मिक्सरवरची एक पट्टी खाली ओढली. तुकडा विझला. मग त्याने काठ्या उचलल्या आणि ठेका धरला. बायकांनी तोंडाने आरती सुरू केली, पुरुष मागून आले, आणि पुढच्या चार आरत्या कुठल्याही सॉफ्टवेअरविना बिनचूक पार पडल्या.

आपल्याशिवाय भागलं याचं वाईट वाटणाऱ्यांतला तो नव्हे. मुलांचे नाच चालू असताना तो त्या पोराच्या मागे जाऊन उभा राहिला. ऑक्टोपॅडच्या पाठीला एक गोल पाच पिनांचं भोक होतं, धूळ बसलेलं.

"हे कधी वापरलंस?"

"नाय सर. त्यात काय घालायचं असतं?"

मित्राने एक हात टेबलावर टेकला. मग त्याने पोराला सांगितलं, की रोलँडने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता, फक्त हे भोक होतं. पोरगा म्हणाला, मग वाजवायचे काय? हा म्हणाला, तेच तर! आणि पिशवीतून तार काढली.

तार जोडून लॅपटॉपला लावली. पोराने एक ठोका दिला. काळ्या खिडकीत ओळ आली: १५३, ३८, ८७. "दहा नंबरचं चॅनल," हा पुटपुटला. १९९१ साली जनरल मिडी ठरलं तेव्हापासून दहा नंबर तालाचा. पण त्याचं लक्ष शेवटच्या आकड्यावर होतं. "परत मार." ४३. "परत." ११२. ६१. ९. पोराने काठी नुसती टेकवली तर ४. मग गंमत वाटून त्याने कामगत सुरू केली आणि खिडकीतून आकडे धावायला लागले, ७०, २२, ९८, २५, १०३, ३०, आणि त्यात शून्य आणि १२७ सोडून सगळं होतं. कित्येक रात्री त्याने दाबलं की १२७, सोडलं की शून्य एवढंच वाचलं होतं. तो काहीच बोलला नाही. चष्मा वर करून नुसता बघत राहिला.

बोलणं शक्यही नव्हतं, कारण तेवढ्यात मांडवात टाळ्या पडल्या. पडद्यावर सहलीतले अध्यक्षकाका एका ठोक्याला काळे-पांढरे होत होते आणि दुसऱ्या ठोक्याला बदलून सी विंगचे गळतीवाले येत होते. प्लगइन चालूच होतं. त्याच्या डब्याच्या उजव्या बाजूचे पॅडही दहा नंबरच्याच चॅनलवर बोलतात. ३६ला त्याने पुढचा फोटो लावून ठेवला होता आणि ३८ला काळा-पांढरा. ऑक्टोपॅडच्या ढोलकीला आणि टाळीला नेमके तेच आकडे. पोरगा चढवत गेला तशी अख्खी सोसायटी पडद्यावर लयीत रंग बदलायला लागली. मुलं किंचाळली. "वन्स मोअर" झाला. आजी म्हणाल्या, "याला म्हणतात मिडी होय!"

काकांनी याला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला आणि ही कल्पना कशी सुचली ते सांगायला माइक हातात दिला. चूक काकांची. सात बिटांपासून सुरुवात झाली. बाइटमधला पहिला बिट हा हुकूम आहे की आकडा एवढंच सांगण्यात जातो, म्हणून उरलेल्या सातांत ० ते १२७. मग स्मिथ आणि काकेहाशी. मग तारेतला वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक ठोका पोचायला साधारण एक मिलिसेकंद. मग बारीक कामाला दोन निरोप जोडून १६,३८४ पायऱ्या कशा मिळतात ते. प्रसादाची ताटं आली आणि झाकली गेली. पोराने ऑक्टोपॅड गुंडाळायला घेतलं. सी विंगचे गृहस्थ घड्याळ बघत होते.

बायकांच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला. "एकशे तेवीस."

तो वाक्याच्या मध्यावर थांबला, माइक ठेवला आणि येऊन माझ्या शेजारी बसला. चेहऱ्यावर राग नव्हता. नारळ मांडीवर घेऊन तो माझ्या कानाशी वाकला.

"पुढे शून्य पाठवावं लागतं, ते राहिलं तिचं," तो म्हणाला. "पण समजलं मला."